उदासी स्वीकारायची म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्नकर्त्यांनी बरेच सविस्तर लिहिले आहे. उत्तर कशाला दिले आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळावे म्हणून ते आधी थोडक्यात मांडते. त्यांचे वय ४४, घर ऐरोलीला, नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हिशेबाच्या कामाची. सहा वर्षांपूर्वी त्यांना पहिल्यांदा डिप्रेशन आले आणि गेल्या वर्षी दुसऱ्यांदा. आठ महिने गोळ्या चालू आहेत आणि त्यांच्याच अंदाजाने सत्तर टक्के बरे आहे. उरलेले तीस टक्के मात्र हटत नाहीत. पहाटे लवकर जाग येते, संध्याकाळी, विशेषतः रविवारी, कारण नसताना भरून येते, आणि सकाळी ऐरोली स्टेशनवर ठाण्याकडे जाणाऱ्या दोन-तीन लोकल ते समोरून जाऊ देतात, कारण चढावेसेच वाटत नाही. 'कधी कधी सगळे थांबले तर बरे असे वाटते,' असेही त्यांनी मध्येच लिहिले आहे. समुपदेशकांनी त्यांना 'भावनांचा स्वीकार करा' असे सांगितले, तेव्हापासून ते रोज सकाळी वीस मिनिटे डोळे मिटून बसतात आणि मनाशी म्हणतात की मी या उदासीचा स्वीकार करतो. 'तीन महिने झाले, तरी ती जात नाही. मग स्वीकार म्हणजे हार मानणेच नाही का?' हा त्यांचा मुख्य प्रश्न आहे. स्वीकारच करायचा तर गोळ्या कशाला, पत्नीला हे कसे समजवायचे आणि तेरा वर्षांच्या मुलाला सांगायचे की नाही, हे तीन प्रश्न त्याला जोडून आले आहेत.

मी वीसेक वर्षे ठाण्यात, नौपाड्यात, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. औषधे लिहून देणे हे माझे काम नाही, ते मनोविकारतज्ज्ञांचे आहे. त्यामुळे गोळ्यांविषयी मी जे लिहीन ते तुमच्या डॉक्टरांशी बोलण्याची पूर्वतयारी म्हणून वाचावे, त्यांच्या सल्ल्याऐवजी नव्हे.

तुमचा प्रश्न 'स्वीकार की हार' असा असला, तरी खरी अडचण मला त्याच्या आधीच्या वाक्यात दिसते: 'तीन महिने झाले, तरी ती जात नाही.' तुम्ही उदासी घालवण्यासाठी तिचा स्वीकार करत आहात. मनाने तिच्याशी एक सौदा ठरवला आहे की मी तुला वीस मिनिटे देतो, त्या बदल्यात तू निघून जा. बसल्या बसल्या दर दोन मिनिटांनी ती गेली का हे चाचपून पाहिले जाते, आणि गेली नाही असे दिसले की मूळच्या उदासीवर आणखी एका अपयशाची भर पडते. म्हणजे भाषा स्वीकाराची आणि आत चालू आहे ती लढाईच. हा घोटाळा मी इतक्या लोकांच्या बाबतीत पाहिला आहे की कोणी 'स्वीकार जमत नाही' असे म्हणाले, तर 'जमला असता तर काय झाले असते असे तुम्हाला वाटते?' हा माझा पहिला प्रश्न असतो. उत्तर बहुधा 'बरे वाटले असते' असे येते. यात तुमचा दोष नाही. नुसते 'स्वीकार करा' एवढेच सांगून सोडून दिले, तर कोणीही हेच करील.

तरीही स्वीकाराच्या गोष्टीकडे वळण्याआधी एक बाब तपासावी लागेल, आणि तिचे उत्तर मला पत्रावरून देता येणार नाही. हे उरलेले तीस टक्के म्हणजे कोणाही माणसाला वाटते तशी उदासी आहे, की अर्धवट बरा झालेला आजार आहे? तुमच्या लिहिण्यात दोन्ही मिसळलेले दिसते. रोज पहाटे वेळेच्या बरेच आधी जाग येणे मला आजाराच्या बाजूचे वाटते, तर रविवारच्या संध्याकाळचे भरून येणे तितकेसे तसे वाटत नाही. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण ज्यांचा आजार पूर्ण न निवळता थोडा शिल्लक राहतो, त्यांना तो उलटण्याची शक्यता पूर्ण बरे झालेल्यांपेक्षा बरीच जास्त असते, असे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. भिंतीला ओल आली आहे आणि वर टाकी गळते आहे अशा वेळी ओलीचा स्वीकार करून भागत नाही, आधी गळती शोधावी लागते.

ती शोधण्याची साधने फार अवघड नाहीत. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारते, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण असतात आणि एकूण गुण ० ते २७ यांच्या दरम्यान येतात. ढोबळमानाने, पाचपेक्षा कमी गुण आले तर आजार निवळला असे समजतात, आणि दहा किंवा त्याहून जास्त आले तर उपचारांकडे पुन्हा पाहावे लागते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ती भरून दाखवावी. थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन यांच्या तपासण्या गेल्या वर्षभरात झाल्या नसतील तर त्यांविषयी विचारावे. तुम्ही मोठ्याने घोरता का आणि झोपेत श्वास अडकतो का, हे पत्नीला विचारावे, कारण चाळिशीनंतरच्या पुरुषांत झोपेतला श्वासाचा अडथळा डिप्रेशनचे सोंग घेऊन येतो. आयुष्यात कधी काही दिवस झोपेची गरजच कमी झाली, उत्साह ओसंडून वाहू लागला, पैसे बेभान खर्च झाले असा काळ येऊन गेला असेल, तर तो डॉक्टरांना नक्की सांगावा, कारण मग उपचारांची दिशाच वेगळी असते. आणि दारूविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, पण मी विचारल्याशिवाय राहत नाही. दारू रात्रीच्या उत्तरार्धातली झोप बिघडवते आणि दुसऱ्या दिवशी मन खाली खेचते, त्यामुळे रविवारची संध्याकाळच इतकी वाईट का जाते, याचे उत्तर कधी कधी शनिवारच्या रात्रीत सापडते.

'सगळे थांबले तर बरे' हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण मी त्यावर जाता जाता बोलणार नाही. डिप्रेशनमध्ये असे वाटणे विरळ नाही, आणि असे वाटले म्हणजे माणूस जीव देणारच असेही नाही. पण ही शांत बसून स्वीकारायची भावना नव्हे, कोणाला तरी सांगायची गोष्ट आहे. डॉक्टरांना ती याच आठवड्यात, पुढच्या तारखेची वाट न पाहता सांगावी. त्यात कधी मार्ग, जागा किंवा वेळ यांचा विचार मिसळू लागला तर त्याच दिवशी, त्याच तासाला, एकटे न राहता मदत घ्यावी. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास आणि विनामूल्य मिळते, आणि मराठीत बोलता येते. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचे आहे. 'याला ठाण्याला न्या' या जुन्या विनोदामुळे त्याच्या फाटकातून आत जायला लोक कचरतात हे मला माहीत आहे, पण तिथल्या बाह्यरुग्ण विभागात तुमच्याआमच्यासारखीच नोकरी-संसार करणारी माणसे येतात. कुटुंबांना पोलीस केसची भीती वाटते म्हणून हेही सांगते, की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आहे. तिला उपचार पुरवणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. त्यासाठी तुमची रविवारची संध्याकाळ सावकाश उलगडून पाहावी लागेल, कारण बाहेरून एकसंध दिसणाऱ्या त्या दोन-तीन तासांत तीन वेगवेगळ्या गोष्टी घडत असतात. सहाच्या सुमारास छाती जड होते, घसा दाटतो, डोळे भरून येतात. ही झाली भावना. ती शरीरात जाणवते, आणि तिला कोणी हात लावला नाही तर अनेकदा काही मिनिटांत चढून ओसरू लागते. पण तिला हात न लावता राहणे कोणालाच जमत नाही, कारण पाठोपाठ विचार येतो की 'पुन्हा सुरू झाले', आणि त्याच्यामागून 'गोळ्या लागू पडत नाहीत, नोकरी जाईल, फ्लॅटचे हप्ते कसे भरणार, मी घरावर ओझे झालो आहे' अशी रांग लागते. हा झाला मनाने स्वतःविषयी दिलेला निकाल. मग तिसरी गोष्ट कृतीची. माणूस दिवा बंद करून आतल्या खोलीत पडतो, बाजारात जायचे असते ते राहते, जेवण नको म्हणतो. आठ वाजता तो खऱ्याखुऱ्या गर्तेत असतो, आणि सहा वाजता आली होती त्याच उदासीने आपल्याला इथवर आणले अशी त्याची खात्री असते. प्रत्यक्षात त्या उदासीचा वाटा थोडा असतो, बाकीचा निकालाचा आणि आतल्या खोलीचा असतो.

स्वीकार करायचा तो फक्त पहिल्या गोष्टीचा, छातीतल्या जडपणाचा. दुसऱ्या गोष्टीला खरेही मानायचे नाही आणि तिच्याशी हुज्जतही घालायची नाही, ती कशी हाताळायची ते पुढे सांगते. तिसरीचा स्वीकार मुळीच करायचा नाही, ती बदलायची. तुम्ही आजवर या तिन्ही गोष्टी एका गाठोड्यात बांधून स्वीकारू पाहत होता, आणि त्या गाठोड्यात 'मी ओझे आहे' हेही होते. ते स्वीकारायला मन तयार झाले नाही हे चांगलेच झाले. तुम्हाला हार मानल्यासारखे वाटले त्याचे कारण हेच असावे, असे मला वाटते.

ज्यांना डिप्रेशन येऊन गेले आहे त्यांच्या बाबतीत ही दुसरी पायरी इतकी झपाट्याने का येते, याचा अभ्यास झालेला आहे. टीसडेल, सीगल आणि विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांची मांडणी अशी, की आजाराच्या काळात उदास मनःस्थिती आणि स्वतःला कमी लेखणारे विचार यांची गाठ इतकी पक्की बसते, की पुढे बरे झाल्यावरही साध्या उदासीने ते सगळे विचार जागे होतात. इतर कोणाला रविवारी संध्याकाळी उदास वाटले तर तो 'उद्या ऑफिस' म्हणून सोडून देतो. तुमच्याकडे त्याच उदासीच्या मागे सहा वर्षांचा इतिहास उभा असतो. या मांडणीवरून त्यांनी जाणीवपूर्वक लक्ष देण्याचा, म्हणजे एका प्रकारच्या ध्यानाचा, आठ आठवड्यांचा एक उपक्रम तयार केला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, तीन किंवा अधिक वेळा डिप्रेशन येऊन गेलेल्यांत साठ आठवड्यांत आजार उलटण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. मात्र ज्यांना दोनदाच आजार झाला होता, म्हणजे तुमच्यासारख्यांना, त्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला नाही. नंतरच्या अभ्यासांनी चित्र काहीसे बदलले, आणि ज्यांची लक्षणे थोडी शिल्लक आहेत त्यांना अशा सरावाचा उपयोग जास्त होतो असे पुढे आले. हे मुद्दाम सांगते, कारण ध्यान म्हणजे सर्वांना लागू पडणारा रामबाण असे हल्ली बोलले जाते. तो उपक्रमही बरे झालेल्यांसाठी होता, आजाराच्या भरात असलेल्यांसाठी नव्हता.

म्हणून तुमची सकाळची वीस मिनिटे मी बंद करायला सांगेन. पहाटे चारला जाग आलेला माणूस सहा वाजता डोळे मिटून बसला, की तो बहुतेक वेळा ध्यान करत नसतो, घोळत असतो. 'असे का झाले, माझ्याच वाट्याला का' हे प्रश्न बंद डोळ्यांआड फार वाढतात. त्याऐवजी, भरून येईल त्या वेळी, डोळे उघडे ठेवून, तीन मिनिटे पुरेत. शक्यतो उभे राहावे किंवा चालत राहावे. जडपणा नेमका कुठे आहे, छातीत की घशात की पोटात, तो पसरट आहे की एका जागी आहे, श्वास घेताना तो बदलतो का, एवढेच पाहावे. रडू आले तर येऊ द्यावे. 'हे दुखते आहे' एवढे मनाशी म्हणावे आणि पुढचे वाक्य सुरू झाले की पुन्हा छातीकडे यावे. दहा वेळा यावे लागले तर दहा वेळा यावे, त्यात काही बिघडत नाही. तीन मिनिटांनी उदासी कमी झाली का हे पाहायचे नाही. ती तशीच असेल हे धरूनच चालायचे आणि ठरलेल्या कामाला लागायचे. हा शेवटचा भाग गाळला तर बाकीच्या तीन मिनिटांना फारसा अर्थ राहत नाही.

आता निकाल देणाऱ्या विचारांविषयी. यात दोन परंपरा आहेत आणि त्या एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्यामुळे परिचित आहे. ठाण्यात तर ती आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थमुळे घरोघरी पोहोचली आहे. एलिस दुःख आणि नैराश्य यांत फरक करतात. नुकसान झाले तर दुःख होणे योग्यच आहे. 'हे असे व्हायलाच नको होते, आणि झाले म्हणजे मीच नालायक' या आग्रहातून जे निर्माण होते ते नैराश्य, आणि त्या आग्रहाला आव्हान द्यायचे असते. दुसरीकडे स्टीव्हन हेज यांच्यापासून, १९८० च्या दशकात, पुढे आलेली स्वीकारावर आधारलेली पद्धत म्हणते की विचाराशी वादच घालू नका. तो विचार आहे हे ओळखा, आणि त्याला असू देऊन आपल्याला मोलाचे वाटते ते करा.

कोणती बरोबर, असे लोक मला विचारतात. माझ्या अनुभवात हे बरेचसे घड्याळावर आणि माणसावर अवलंबून असते. पहाटे चार वाजता 'मी ओझे आहे' या विचाराशी अंथरुणात पडून वाद घालणारा माणूस तो वाद हरतो, कारण त्या वेळी दोन्ही बाजूंचा वकील आजारच असतो. तेव्हा 'हा तोच जुना विचार' एवढी ओळख पटवून उठून पाणी पिणे, दिवा लावणे, गॅलरीत उभे राहणे बरे. दिवसा, जेवण झाल्यावर, कागद-पेन घेऊन तोच विचार लिहिला आणि त्याच्यासमोर पुरावे मांडले, की मात्र एलिस यांची पद्धत चांगली चालते. तुम्ही हिशेबाच्या क्षेत्रातले आहात, त्यामुळे ही एलिस यांची, पुरावे मांडण्याची पद्धत तुम्हाला मानवेल असा माझा अंदाज आहे. मात्र ती रात्री वापरू नका.

राहिली कृती, आणि इथे मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. ऐरोलीच्या फलाटावर लोकल समोरून निघून जाते तेव्हा तुम्हाला काय वाटते? तुम्ही लिहिलेले नाही, पण बहुधा एक हलकासा सुटकेचा क्षण येत असावा. तो क्षणच घातक आहे. न चढल्याबद्दल मनाला लगेच बक्षीस मिळते, आणि पुढच्या वेळी न चढणे थोडे अधिक सोपे होते. डिप्रेशन माणसाला असेच आतल्या आत आक्रसून नेते. आधी एक लोकल, मग अर्धा दिवस, मग मित्राचा फोन न उचलणे, मग लग्नकार्याला न जाणे. प्रत्येक टाळण्याने ती घटका सुसह्य होते आणि आठवडा अधिक रिकामा होतो. रिकाम्या आठवड्यात बरे वाटण्याजोगे काही घडतच नाही. पीटर लुइन्सोन यांनी १९७० च्या दशकात हे चक्र नीट मांडले होते, आणि नील जेकबसन यांच्या १९९६ च्या अभ्यासात असे दिसले की केवळ कृती वाढवण्यावर भर देणारा उपचार विचारांवरही काम करणाऱ्या संपूर्ण उपचाराइतकाच परिणामकारक ठरला.

तेव्हा, चढावेसे वाटेल तेव्हा चढेन हा क्रम उलटा करावा लागेल. कोणती लोकल पकडायची हे रात्री ठरवून कागदावर लिहावे आणि फलाटावर कोणताही निर्णय घेऊ नये. उदासी असेल, ती असू द्यावी, तिच्यासकट डब्यात चढावे. बसायला जागा मिळाली नाही तर दारापासून आत सरकून उभे राहावे आणि तळपायांकडे, हातातल्या कडीकडे लक्ष ठेवावे. रडू येण्याची भीती वाटत असेल तर येऊ द्यावे. गर्दीच्या वेळी ट्रान्स-हार्बरच्या डब्यात कोणाला दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याइतकी उसंत नसते. ठरलेली लोकल सुटलीच तर पुढची पकडावी, घरी परतू नये, आणि त्याबद्दल स्वतःची झाडाझडती घेऊ नये. रविवारसाठीही असेच एक काम संध्याकाळी सहालाच नेमून ठेवावे, लहान, घराबाहेरचे आणि शक्यतो दुसऱ्या माणसाला धरून असलेले. मुलाबरोबर भाजी आणणे चालेल, आणि तलावपाळीला एक चक्कर मारून कोणा मित्राबरोबर चहा घेणे तर उत्तमच. आनंद होईल या अपेक्षेने जाऊ नये. सुरुवातीचे काही आठवडे बहुधा काहीच वाटत नाही, आणि ते आधीच माहीत असले की माणूस तिसऱ्या रविवारी सोडून देत नाही.

यावरून हार कशाला म्हणायचे हे तुमचे तुम्हाला ठरवता येईल. 'पदरी पडले आणि पवित्र झाले' म्हणून हातपाय गाळणे ही हारच आहे, आणि ती फलाटावरच्या बाकावर घडते. जडपणा छातीत घेऊन डब्यात चढणारा माणूस बाहेरून तितकाच उदास दिसेल, त्याला आतूनही तसेच वाटेल, तरीही तो वेगळे काही करत असतो. याच न्यायाने, बदलता येण्याजोग्या परिस्थितीचाही स्वीकार करायचा नसतो. कामाचे तास अमानुष असतील, वरिष्ठ चारचौघांत अपमान करत असतील, कर्जाचा हप्ता पेलत नसेल, तर त्यावर काय करता येईल ते मन थोडे सावरल्यावर पाहावे. फक्त नोकरी सोडण्यासारखे मोठे निर्णय आजाराच्या भरात घेऊ नयेत.

गोळ्या आणि स्वीकार यांत विरोध नाही. औषध आजाराचा भार कमी करते, त्यामुळेच उरलेल्या उदासीबरोबर तीन मिनिटे उभे राहणे शक्य होते. पहिल्या खेपेनंतर बरे वाटू लागल्यावर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, आणि दुसऱ्या खेपेनंतर अनेकदा दोन वर्षे किंवा त्याहून जास्त काळ. तुमच्यासाठी नेमके किती, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे. 'आता मी स्वीकारायला शिकलो' म्हणून गोळ्या अचानक बंद केल्या तर काही दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असे त्रास होऊ शकतात, आणि माणूस त्यांनाच आजार उलटला असे समजतो. याउलट, गोळ्यांमुळे दुःखही होत नाही आणि आनंदही होत नाही, सगळे सपाट वाटते, असे काही जणांच्या बाबतीत घडते. तुम्हाला तसे वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, मात्रा किंवा औषध बदलता येते. कामेच्छेवर परिणाम झाला असेल तर पुरुष ते सांगत नाहीत आणि गोळी गुपचूप सोडून देतात, म्हणून तेही इथे नमूद करते.

पत्नीच्या बाबतीत, 'पुन्हा सुरू झालं का तुमचं?' हे त्यांचे वाक्य तुम्हाला टोचते असे तुम्ही लिहिले आहे, ते समजते. मला त्यात रागापेक्षा भीती अधिक दिसते, कारण गेल्या वर्षी काय काय झाले ते त्यांनीही पाहिले आहे आणि तुम्ही गप्प झालात की आज किती काळजी करायची हे त्यांना कळत नाही. त्यांना स्वीकाराचे तत्त्वज्ञान समजावून सांगण्याची गरज नाही, दोन वाक्ये ठरवून घेतली तरी पुष्कळ होते. एक वाक्य नेहमीच्या जड संध्याकाळसाठी: 'आज जड आहे, पण घाबरण्यासारखे नाही, मी भाजी घेऊन येतो, आठला जेवायला बसू.' दुसरे धोक्याच्या वेळेसाठी: 'आज मला एकटे सोडू नकोस.' दुसरे वाक्य ऐकल्यावर त्यांनी काय करायचे, कोणाला फोन करायचा, गोळ्यांचा डबा कुठे ठेवायचा, हे दोघांनी मिळून चांगल्या दिवशी ठरवावे. डॉक्टरांच्या एका भेटीला त्यांना बरोबर न्यावे. त्यांनी दिवसातून दहा वेळा 'कसे वाटते' असे विचारू नये, आणि 'मन घट्ट करा, पॉझिटिव्ह विचार करा' असे म्हणू नये, हे डॉक्टरांनी सांगितलेले त्यांना अधिक पटेल. तुम्ही सांगितले तर ते तक्रारीसारखे वाटेल.

मुलाला सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेरा वर्षांच्या मुलाने सगळे पाहिलेलेच असते, आणि मोठ्यांनी कारण सांगितले नाही तर मुले स्वतःचे कारण तयार करतात, बहुधा 'माझ्या मार्कांमुळे' असे. ते बोलणे रविवारी संध्याकाळी करू नये. एखाद्या साध्या दिवशी, समोरासमोर बसवून नव्हे तर बरोबर चालताना किंवा सायकल पुसताना करावे. 'मला डिप्रेशन नावाचा आजार आहे, त्यावर औषध चालू आहे. कधी कधी मी गप्प होतो किंवा माझे डोळे भरून येतात. ते तुझ्यामुळे नसते, आणि मला बरे करणे हे तुझे काम नाही, ते डॉक्टरांचे आणि माझे आहे,' एवढे पुरे. जगणे नकोसे वाटण्याचे तपशील त्याला सांगू नयेत, आणि तुमच्यावर किंवा तुमच्या गोळ्यांवर लक्ष ठेवण्याचे काम त्याला देऊ नये. 'मलाही होईल का?' असे त्याने विचारलेच, तर आईवडिलांपैकी कोणाला असले तर शक्यता थोडी वाढते, पण होईलच असे नसते, आणि काही वाटले तर घरात बोलता येईल, असे खरे उत्तर द्यावे. त्यानंतर विषय वाढवू नये. या वयाची मुले अशा बोलण्यानंतर अनेकदा लगेच 'जेवायला काय आहे' असे विचारतात. त्याने ऐकले नाही असा त्याचा अर्थ घेऊ नये. पुढचा प्रश्न आठवड्याने किंवा महिन्याने, भलत्याच वेळी येतो, आणि तेव्हा हातातला फोन बाजूला ठेवून उत्तर द्यावे.